हिरवे पाणी उकळून शुद्ध होत नाही

देवळाली कॅम्प, भगूर आणि दारणाकाठच्या गावांतील कुटुंबांना आवाहन

पाण्याला वास आला किंवा रंग पालटला की आपल्या घरात पहिला सल्ला मिळतो तो ‘उकळून घ्या’ हाच. कॉलरा, विषमज्वर, हगवण, कावीळ या पाण्यातून येणाऱ्या रोगांपुरता हा सल्ला सोळा आणे खरा आहे. उकळल्याने जंतू मरतात. पण नदीवर किंवा बंधाऱ्यात हिरवा तवंग धरतो तेव्हा पाण्यात जंतूंखेरीज आणखी एक गोष्ट असू शकते, ती म्हणजे शैवालाचे विष. ते उकळल्याने नष्ट होत नाही. पाणी आटते, विष तेवढेच राहते, आणि पातेल्यात उरलेल्या पाण्यात ते आधीपेक्षा दाट होते.

या विषावर खात्रीचा उपाय आहे आणि तो आवाक्यातला आहे. तो म्हणजे सक्रिय कोळसा, ज्याला बाजारात ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. मात्र तो योग्य टप्प्यावर, पुरेशा प्रमाणात आणि वेळेवर बदलत राहून वापरला तरच कामाचा आहे. नाहीतर असून नसल्यासारखा. ही गोष्ट घरोघरी कळावी आणि पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे तिची मागणी व्हावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

दारणेला हे का लागू आहे

दारणा इगतपुरीच्या डोंगरांतून येते. १९१६ साली बांधून झालेल्या दारणा धरणातून ती भगूर आणि देवळालीच्या अंगाने चेहेडीला जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. पावसाळ्यात तिच्या पाण्याला ओढ असते, तेव्हा शैवालाला थारा मिळत नाही. उन्हाळ्यात चित्र बदलते. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात बंधाऱ्यांमागे पाणी साचून राहते, तापते आणि संथ होते. त्यात शेतातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद असते, वस्त्यांचे सांडपाणी असते, साबणाचे पाणी असते. शैवालाला वाढायला एवढे पुरते.

विहितगावच्या पुलाखालून वाहणारी वालदेवी चेहेडीजवळ दारणेला मिळते, आणि तिथेच नाशिकरोडसाठी पाणी उचलले जाते. त्या पाण्याचा वास, त्यातली घाण आणि पाणवेली यांच्या तक्रारी उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून आपण वाचत आलो आहोत. इथे एक फरक लक्षात ठेवावा. पाणवेल स्वतः हे विष तयार करत नाही. पण जिथे पाणवेल माजते तिथे पाण्यात स्फुरद आणि नत्र जास्त झाले आहे हे नक्की, आणि तेच विषारी शैवालाचेही खाद्य आहे.

महाराष्ट्रात हे नवीन नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी ज्या उजनी जलाशयात उतरते, त्याचे पाणी उन्हाळ्यात हिरवेगार होते, आणि सोलापूर शहर तेच पाणी पिते. कोल्हापूरच्या रंकाळ्यावरही लोकांनी हिरवा तवंग पाहिलेला आहे. दारणा त्या थराला जाऊ नये असे वाटत असेल तर तयारी आधीच करायला हवी.

विष कोणते आणि ओळखायचे कसे

ज्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. दगडावर, पायरीवर वाढणारे लांब धाग्यांचे हिरवे शेवाळ बहुधा निरुपद्रवी असते. दुसरे आहे नील-हरित शैवाल. खरे म्हणजे ते सूक्ष्म जीवाणू आहेत. त्यांतला मायक्रोसिस्टिस नावाचा प्रकार मायक्रोसिस्टिन हे यकृतावर मारा करणारे विष तयार करतो. उलटी, जुलाब, पोटदुखी ही लगेच दिसणारी लक्षणे. थोडे थोडे विष बराच काळ पोटात गेले तर यकृताला कायमचा धोका. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे दहा लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. अमेरिकेने २०१५ मध्ये तान्ह्या आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी याहून कडक, ०.३ मायक्रोग्रॅमची सूचना केली. वरच्या दुधाची बाटली पाण्यातच तयार होते, आणि बाळाच्या वजनाच्या मानाने ते पाणी फार असते.

या विषाला रंग नाही, वास नाही. पाण्याला येणारा मातकट, कुबट वास जिओस्मिन नावाच्या दुसऱ्याच पदार्थाचा असतो. तो स्वतः विषारी नाही, पण शैवाल वाढल्याची वर्दी देतो. म्हणून वास आला तर सावध व्हा, आणि वास नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

काठावर साधी तपासणी करता येते. लांब काठी पाण्यात फिरवून वर काढा. केसांसारखे धागे लटकले तर ते साधे शेवाळ. हिरवा रंग सांडल्यासारखा थर काठीला लागला तर नील-हरित शैवालाची शंका घ्या. मग हातमोजे घालून काचेच्या बाटलीत पाणी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगून आला तर शंका पक्की धरा, कारण मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्या तरंगतात. ही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण ग्रामपंचायतीला किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डाला कळवायला एवढा पुरावा पुरेसा आहे. अशा ठिकाणी मुलांना पोहायला सोडू नका आणि गुरांना तवंग असलेल्या काठावर पाणी पाजू नका. नील-हरित शैवालाच्या विषाची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा १८७८ साली ऑस्ट्रेलियात झाली, ती तळ्याचे पाणी पिऊन मेलेल्या जनावरांवरूनच.

मोरचूद टाकू नका

द्राक्षबागायतदारांच्या या जिल्ह्यात मोरचूद घरोघरी माहीत आहे. बोर्डो मिश्रण करणाऱ्याला वाटते की बुरशी मारणारे औषध शैवालही मारील. ते खरेच मारते, आणि धोका त्यातच आहे. जिवंत शैवालात जवळजवळ सगळे विष पेशीच्या आत असते. पेशी फुटली की ते पाण्यात विरघळते, आणि मग ते गाळूनही निघत नाही आणि तुरटीने खालीही बसत नाही.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर नेमके हेच झाले. पिण्याच्या पाण्याच्या धरणात शैवाल माजले म्हणून त्यात मोरचूद टाकला गेला. काही दिवसांत १४८ माणसे आजारी पडली, त्यांतली बहुतेक मुले होती. विहीर असो, शेततळे असो की बंधारा, ज्या पाण्याचा थेंबही पिण्यात जातो तिथे हिरवे पाणी औषध टाकून ‘स्वच्छ’ करायला जाऊ नका.

फिल्टर हाऊसलाही हाच नियम लागू आहे. कच्चे पाणी हिरवे असताना सुरुवातीलाच क्लोरीनचा मारा केला तर पेशी तिथेच फुटतात. क्लोरीन मायक्रोसिस्टिनला मोडू शकते हे खरे, पण त्यासाठी पाण्याचा सामू ८ च्या खाली हवा, अर्धा तास संपर्क हवा आणि शेवटी लिटरला निदान ०.५ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरायला हवे. शैवाल माजले की पाण्याचा सामू आपोआप वर जातो, म्हणजे गरज असते तेव्हाच क्लोरीन दुबळे पडते. टाकीत टीसीएल पावडर टाकली की झाले, ही समजूत इथे लागू पडत नाही.

कामाचा क्रम

क्रम असा हवा. पहिल्यांदा पाणी तवंगाखालून उचलावे. नदीकाठच्या वाळूतली विहीर असेल तर हिरव्या दिवसांत तिचेच पाणी घ्यावे, कारण वाळूतून पाझरून येताना बऱ्याच पेशी मागे राहतात. दुसरी पायरी तुरटीची. शैवालाच्या पेशी न फोडता, अखंड खाली बसवायच्या आणि तो गाळ लवकर काढून टाकायचा. गाळ टाकीतच राहिला तर पेशी तिथे मरतात आणि विष परत पाण्यात सुटते. वाळूचा फिल्टर धुतलेले पाणीही पुन्हा सुरुवातीला आणून सोडू नये. तिसरी पायरी कार्बनची, ती विरघळलेले विष धरून ठेवते. क्लोरीन सर्वांत शेवटी. कार्बन आणि क्लोरीन एकाच ठिकाणी टाकू नयेत, कार्बन क्लोरीन खाऊन टाकतो आणि दोन्ही वाया जातात.

कार्बन काय करतो

लाकूड किंवा नारळाची करवंटी जाळून केलेल्या कोळशावर खूप मोठ्या उष्णतेत वाफेची प्रक्रिया केली की त्याच्यात असंख्य बारीक छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कार्बनचा आतला पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. पाण्यातले विष या पृष्ठभागाला चिकटून राहते. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. इथे विष नष्ट होत नाही, ते फक्त धरले जाते. ही गोष्ट नीट समजली की पुढची सगळी काळजी आपोआप कळते.

कुठलाही कार्बन चालतो असे मात्र नाही. मायक्रोसिस्टिनचा रेणू मोठा आहे. करवंटीच्या कार्बनची छिद्रे फार बारीक असतात. वास आणि क्लोरीन काढायला ती उत्तम, पण हा मोठा रेणू त्यांत सहज शिरत नाही. लाकडापासून केलेल्या कार्बनमध्ये मधल्या आकाराची छिद्रे जास्त असतात आणि तो या विषावर अधिक चांगला चालतो. निविदेत बहुधा ‘आयोडीन नंबर’ पाहिला जातो. तो आकडा बारीक छिद्रांचा हिशेब देतो. म्हणून खरेदी करणाऱ्यांना आग्रहाने सांगा की नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आपल्याच नदीचे पाणी घेऊन निरनिराळ्या कार्बनची बरणी-चाचणी करा. नदीच्या पाण्यात पालापाचोळ्याचे, सांडपाण्याचे सेंद्रिय पदार्थ असतात आणि तेही त्याच छिद्रांत जागा अडवतात. कंपनीच्या पत्रकातला आकडा आणि दारणेच्या पाण्यातला अनुभव यांत फरक पडतो तो त्यामुळे.

प्रमाणाचाही अंदाज असू द्या. पावडर कार्बनचा डोस साधारण लिटरला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतो आणि पाण्याशी त्याचा संपर्क निदान अर्धा तास, जमल्यास तासभर हवा. पन्नास हजार वस्तीला दरडोई १३५ लिटर धरले तर दिवसाला ६७ लाख ५० हजार लिटर पाणी होते. त्याला रोज १३५ किलो कार्बन लागेल, महिनाभर तवंग टिकला तर चार टन. खर्च आहे, पण तो वर्षातल्या मोजक्या दिवसांचा. अडचण असते ती आयत्या वेळी. तवंग आल्यावर निविदा काढली तर कार्बन येईपर्यंत उन्हाळा सरतो.

२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या टोलिडो शहरात ही वेळ आली. एरी सरोवरातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन मर्यादेबाहेर गेले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सांगावे लागले की नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. तिथे कार्बनचा डोस वाढवून पाणी ताळ्यावर आणले गेले. ते दोन-तीन दिवसांत जमले, कारण कार्बन टाकायची सोय आधीपासून होती.

कमी खर्चात पाणी शुद्ध करण्याची विद्या आपल्याकडेही आहे. जे. एन. कर्डिले या अभियंत्यांनी छोट्या गावांसाठी कमी खर्चाची जलशुद्धीकरण केंद्रे उभारली. १९७३ मध्ये रामटेकला, १९७७ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला आणि पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या चांदोरीला. वाळूच्या फिल्टरवर त्यांनी नारळाच्या करवंटीचा भुगा वापरला. ती करवंटी सक्रिय कार्बन नव्हती, तिचे काम गाळण्याचे होते. पण स्थानिक माल, सोपी रचना आणि गावाला झेपेल असा खर्च या तिन्ही गोष्टी त्यांनी जुळवून दाखवल्या. कार्बनच्या टप्प्यासाठीही तीच दृष्टी हवी. आज प्रयोगशाळांत भाताचे तूस, उसाचे पाचट, चिकणमाती, कोळंबीच्या कवचापासून केलेले कायटोसान अशा कितीतरी पदार्थांवर हे काम चालू आहे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी दारणेचे पाणी आणि बागेतल्या छाटणीच्या काड्यांचा कोळसा घेऊन प्रयोग करावेत, जरूर करावेत. पिण्याच्या नळाला मात्र तोवर चाचणी झालेलाच कार्बन हवा.

कार्बन थकतो, हे विसरू नका

फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रातल्या १३१ रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास सुरू झाला. शंभर जणांची यकृते निकामी झाली, आणि ५२ मृत्यू या विषामुळे झाल्याचे ठरले. पाणी टँकरने आले होते आणि ते नीट शुद्ध केलेले नव्हते. त्या केंद्रात कार्बनची टाकी होती. तपासणीत त्या कार्बनमध्येही मायक्रोसिस्टिन सापडले. कार्बनने काही विष धरले, पण बाकीचे पुढे निघून रुग्णांच्या रक्तापर्यंत गेले.

कार्बन असणे पुरेसे नाही, तो ताजा असणे महत्त्वाचे. छिद्रे भरली की पाणी जसेच्या तसे पुढे जाते, आणि नळाकडे पाहून ते कोणाला कळत नाही. तुमच्या घरातले कोणी डायलिसिसवर असेल तर केंद्राला जरूर विचारा, कार्बन शेवटचा कधी बदलला आणि आरओ पाण्याची तपासणी कधी झाली. चांगले केंद्र असा प्रश्न विचारल्याने रागावत नाही.

घरी काय करावे

पाणी हिरवे, मातकट वासाचे येऊ लागले तर पुढचे लक्षात ठेवा.

उकळणे, मेडिक्लोरचे थेंब, यूव्हीचा दिवा आणि मातीची किंवा सिरॅमिकची कँडल जंतूंसाठी आहेत, विरघळलेल्या विषासाठी नाहीत. घरात तुरटी फिरवली तर पेशी खाली बसतील, विरघळलेले विष राहील. चांगल्या स्थितीतला आरओ हे विष बऱ्याच अंशी अडवतो, मात्र मेम्ब्रेन आणि त्याआधीचा कार्बन वेळेवर बदललेला हवा. नवा फिल्टर घेताना मायक्रोसिस्टिन कमी करण्याची एनएसएफ ५३ या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, हे दुकानदाराला विचारा. कार्बनचे काडतूस किती लिटरसाठी आहे ते त्याच्यावर लिहा आणि बसवल्याची तारीखही लिहा. पाण्याला पुन्हा वास येऊ लागला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. कार्बन क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे त्याच्यावर जंतू वाढतात. कार्बनमधून आलेले पाणी दिवसच्या दिवस वापरा, साठवायचे असेल तर त्यानंतर ते निर्जंतुक करा.

चुलीचा किंवा लोणारी कोळसा माठात टाकून या विषापासून सुटका होते असे समजू नका. तो सक्रिय केलेला नसतो.

आणि बाळाचे दूध, आजारी माणसाचे पाणी, गरोदर बाईचे पाणी यासाठी अशा दिवसांत खात्रीचा दुसरा स्रोत शोधा. खोल बोअर किंवा सीलबंद पाणी, आठ-पंधरा दिवस तरी.

मागायचे काय

भारतीय मानक १०५०० सांगते की पिण्याच्या पाण्यात शैवाल आणि विष तयार करणारे सूक्ष्मजीव नसावेत. त्याचा आधार घ्या. कॅन्टोन्मेंट बोर्ड, भगूर नगरपरिषद, आपापल्या ग्रामपंचायती आणि पाणी पुरवणारी यंत्रणा यांना होळीच्या आधी लेखी विचारा. कच्चे पाणी हिरवे झाले तर कोणत्या दिवशी, कोणत्या टप्प्यावर, किती कार्बन टाकला जाईल? तो कार्बन आज गोदामात कोरडा ठेवलेला आहे का? मार्च ते जून दर आठवड्याला कच्च्या पाण्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते का आणि तवंग दिसल्यावर मायक्रोसिस्टिनसाठी नमुना पाठवला जातो का? उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. जल जीवन मिशनमध्ये ज्या महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण मिळाले आहे त्यांनी काठी आणि बाटलीची पाहणीही आपल्या कामात घ्यावी.

आणि नदीचे देणे विसरू नका. कार्बन ही शेवटची ओळ आहे. माती परीक्षण न करता पोत्याने टाकलेला डीएपी, मोकळा सोडलेला सेप्टिक टँक, वालदेवीत उतरणारे प्रत्येक गटार, हे सगळे उद्याच्या तवंगाचे बियाणे आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या शुद्धीवर पैसा आणि लक्ष दोन्ही लागले आहे. दारणा आणि वालदेवी शेवटी गोदावरीलाच मिळतात, त्यांचे सांडपाणीही त्याच आराखड्यात अडवा अशी मागणी सर्व गावांनी मिळून करावी.

एकट्याने अर्ज केला तर तो फायलीत जातो. गल्लीतल्या वीस घरांनी सह्या करून दिला तर त्याला उत्तर द्यावे लागते. या महिन्यात तेवढे करा. उन्हाळा येण्यापूर्वी कार्बन गोदामात असला पाहिजे, आणि तो आहे की नाही हे आपल्याला माहीत असले पाहिजे.